दक्षिणेच्या आवारातला मासळीचा खोका

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा. मी एक जुना मासळीचा खोका आहे, हे मी लपवत नाही. थर्माकोलचा आहे, एका कोपऱ्यावर फुटका आहे, आणि कितीही पावसात न्हालो, उन्हात वाळलो, तरी माझ्या अंगाचा तारलीचा वास गेलेला नाही. पण मासळीच्या खोक्याला टोमॅटो लागला, असे तुम्ही कधी ऐकले आहे का? मला लागला होता. त्या एका टोमॅटोवर एका बाईचे घर टिकून होते. ते कसे, तेवढे ऐकून घ्या.

माझ्या जन्माचे सांगण्यासारखे काही नाही. कारखान्यात पांढरे दाणे वाफेने फुगवतात, साच्यात दाबतात, की आम्ही तयार. ना आई, ना बारसे. ट्रकमधून मी नींडकराच्या बंदरावर आलो आणि पहिल्याच सकाळी माझ्या पोटात बर्फ आणि बर्फावर तारली पडली. माझे काम सोपे होते. थंडी आत धरायची, ऊन बाहेर ठेवायचे. ते मी इमानाने केले. आमच्या जातीला शाबासकी मिळत नाही, पण माझ्यातली मासळी संध्याकाळपर्यंत डोळे चमकवत असायची, आणि मला तेवढे पुरे होते.

मला फिलोमिनाने घेतले. अष्टमुडीच्या खाडीत जी बेटे आहेत, त्यातल्या आमच्या बेटावर ती दारोदार मासळी विकते. तिचा आवाज मासळीच्या आधी पोहोचतो. तरीतून, म्हणजे बेटावर माणसे आणणाऱ्या होडीतून, उतरायची, मला डोक्यावर घ्यायची आणि हाळी द्यायची, की मांजरे, कावळे आणि बायका एकदमच बाहेर यायच्या. एका दिवशी ती तरीतून उतरताना घसरली आणि माझा कोपरा धक्क्यावर आपटून फुटला. तिने मला पुन्हा डोक्यावर घेतले, तर बर्फाचे पाणी तिच्या मानेवरून ओघळू लागले. तिने मला खाली ठेवले आणि म्हणाली, "झालं, आता तुझी पेन्शन सुरू." मित्रांनो, आमच्यासारख्यांची पेन्शन म्हणजे खाडीचा काठ. तिथे पडायचे, चुरा चुरा होत राहायचे, पण मरायचे नाही. आम्हाला कुजणे ठाऊक नाही.

पण मी काठावर गेलो नाही. वसुमतीअम्माने मला मागून घेतले.

वसुमतीअम्मा म्हणजे बेटाच्या दक्षिण टोकाला एकटी राहणारी साठी उलटलेली बाई. लहानपणापासून ती सुंभ वळत आली. तिच्या तळहातांना रेषा नव्हत्या, काथ्याने त्या कधीच पुसून टाकल्या होत्या. तिचा नवरा सदानंदन होडी चालवायचा. तो गेला, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याला घराच्या दक्षिणेच्या आवारातच अग्नी दिला आणि त्या जागी नारळाचे रोप लावले. ते आता उंच झाले होते. रोज तिन्हीसांजेला अम्मा त्या माडाच्या पायाशी दिवा लावायची आणि दिवसभराचे सगळे त्याला सांगायची, अगदी फिलोमिनाने बांगडा शिळा दिला तेसुद्धा.

पण तो माड खंगत चालला होता. आमचे बेट खचते आहे, मित्रांनो. भरतीचे पाणी पूर्वी काठाला टेकून परत जायचे, ते आता आवारात येते, न्हाणीघरात येते, चुलीपर्यंत येते. खारे पाणी मातीत मुरले. अम्माच्या आवारातले साबुकंद जमिनीतच सडले, केळी पिवळ्या पडल्या, माडाच्या झावळ्या गळून डोक्यावर चार तुरे तेवढे राहिले. शेजारची घरे एकेक करून कुलुपे लावून निघून गेली. पलीकडच्या चेल्लम्मा भरतीच्या दिवसांत वारल्या, तर त्यांना त्यांच्या आवारात अग्नी द्यायला हातभर कोरडी जमीन मिळाली नाही. त्यांना होडीत घालून शहरातल्या स्मशानात नेले. वसुमतीअम्मा दारात उभी राहून ती होडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. त्या दिवसापासून तिचे पेजेवरचे लक्ष उडाले.

म्हणून कृषी भवनातल्या मॅडमनी मातीशिवाय भाजी लावायची शिकवणी घेतली, तेव्हा ती पहिल्या ओळीत जाऊन बसली. खोक्याला आतून काळे प्लास्टिक लावायचे, त्यात गोडे पाणी भरायचे, पाण्यात बाटलीतले खत घालायचे. झाकणाला भोके पाडून जाळीचे कप बसवायचे, कपात काथ्याचा भुसा, भुशात रोप. मुळे अर्धी हवेत, अर्धी पाण्यात. मातीचा संबंधच नाही.

अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली. सदानंदनची जुनी होडी माडाजवळ पालथी घातलेली होती, तिच्या पाठीवर मला बसवले. माझ्या झाकणात टोमॅटोची तीन रोपे आली. खरे सांगतो, मला रडू आले. आजवर माझ्या पोटात जे आले ते मेलेले आले होते. हे पहिल्यांदाच काही जिवंत होते.

आठवडा गेला आणि रोपांच्या पानांच्या कडा करपू लागल्या. पाने वरच्या बाजूला वळली, देठ मऊ पडले आणि तिन्ही रोपे माझ्या डोळ्यांदेखत माना टाकून मेली.

आळ कुणावर आला असेल? माझ्यावर! "ए नासक्या, तुझ्या अंगातलं मीठ भोवलं बघ," असे म्हणत अम्माने मला राखेने आणि नारळाच्या सोडणाने इतके घासले, की माझे दाणे सुटले. पुन्हा रोपे आणली, पुन्हा तीच गत झाली. अम्मा मला खाडीत फेकायला निघाली होती. मी काय बोलणार? खोक्याची बाजू कोण ऐकतो?

वाचवले ते फिलोमिनाने. मासळीची पाटी टेकवून ती अम्माचे गाऱ्हाणे ऐकत होती. अम्माला ती चेची म्हणते, म्हणजे ताई. तिला जे दिसेल ते चाखून बघायची खोड आहे. तिने एका कपातला भुसा मुठीत पिळला आणि त्याचे पाणी जिभेला लावले.

"थू! अगं चेची, ही तर खाडी आहे!"

"काय बोलतेस? माझा भुसा आहे तो. घरचा."

"घरचाच ना? मग सोडणं कुठं कुजवलीस?"

नारळाची सोडणे महिनोन् महिने खाडीच्या चिखलात पुरून ठेवायची, मग कुटून काथ्या काढायचा, हे तिचे सारे आयुष्य. जो भुसा उरतो, तो खाडीचे मीठ पिऊनच उरतो. मॅडमनी शिकवणीत सांगितले होते, भुसा गोड्या पाण्याने सात वेळा धुवा. पण अम्माला तो अपमान वाटला होता. विकतचा भुसा धुवावा, आपल्या हातचा काय धुवायचा? ज्या काथ्यावर ती जगली, त्याच काथ्याने तिची रोपे मारली होती.

"नासक्या," ती मला म्हणाली, "तुला उगीच बोलले रे." आणि तिने माझ्या फुटक्या कोपऱ्यावरून हात फिरवला. मित्रांनो, तो हात खरखरीत होता, पण मला त्याआधी कुणी असा हात लावला नव्हता.

तुळा महिन्याच्या पावसाने पिंपे भरली. अम्माने भुसा धुतला, पुन्हा धुतला, चाखला, पुन्हा धुतला. मग एकच रोप लावले. ते जगले. गुडघाभर झाले, कमरेएवढे झाले. तिने माडाला खिळा मारून बारीक सुंभाने त्याला आधार दिला. पिवळी फुले आली. मधमाश्या तर बेट सोडून केव्हाच गेल्या होत्या, म्हणून रोज सकाळी अम्मा फुलांच्या देठाला बोटाने टिचकी मारायची, परागकण झडावे म्हणून. "जागं व्हा, जागं व्हा," असे म्हणायची.

अशातच वृश्चिक महिना लागला आणि तिचा मुलगा प्रसेनन आला. तो आत डोंगराकडच्या गावात भाड्याच्या घरात राहतो आणि फरशांच्या दुकानात काम करतो. शबरीमलेच्या व्रतासाठी त्याने त्याच दिवशी माळ घातली होती. काळी लुंगी, गळ्यात तुळशीची माळ. माळ घातलेल्या माणसाला घरचेसुद्धा स्वामी म्हणतात, आणि त्या माणसाने माळ उतरेपर्यंत मासळीला शिवायचे नसते, रागवायचे नसते, खोटे बोलायचे नसते.

"अय्यो, स्वामी आले!" पायरीवर बसलेल्या फिलोमिनाने मासळीची पाटी पदराने झाकली. "बाराच्या उन्हात माझा बांगडा झाकून ठेवावा लागणार आता."

प्रसेनन हसला नाही. तो पाण्याने चिरलेल्या भिंतीकडे बघत होता.

"अम्मा, बस झालं. चल माझ्याबरोबर. परवा फोन लागला नाही तर मी रात्रभर जागा होतो. इथं आता गवताची काडीसुद्धा उगवत नाही."

"स्वामी, पाऊल जपून. मागं रोप आहे."

"मी काय बोलतोय, तू काय बोलतेस!"

"स्वामींनी आवाज चढवू नये. माळ ऐकते आहे."

प्रसेननने डोळे मिटले, ओठातल्या ओठात शरणम् म्हटले आणि राग गिळला. अम्माला हे बरे फावले होते.

"मी येते," ती म्हणाली. "पण तुझ्या भाड्याच्या घराला दक्षिणेचं आवार आहे का? मी मेले तर जाळशील कुठं? गॅसच्या शेगडीवर?"

"इथं तरी कुठं जाळणार आहे? पाण्यात?"

बोलला आणि लगेच त्याने जीभ चावली. चेल्लम्मांची होडी तिघांच्याही डोळ्यांपुढून गेली असणार.

"या मातीत जीव आहे अजून," अम्मा शेवटी म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "तुझा अच्छन, तुझा बाप आहे इथं. मेलेल्या मातीत मी त्याला ठेवलेलं नाही."

"ठीक आहे. ही माळ उतरायच्या आत या आवारात एक फळ पिकवून दाखव. एकच. मग मी जन्मात पुन्हा 'चल' म्हणणार नाही."

"माळेवर हात ठेवून सांग."

त्याने माळेवर हात ठेवला. "आणि नाही पिकलं तर?"

"तर मी आपणहून पेटी बांधीन."

फिलोमिना पाटी उचलता उचलता म्हणाली, "स्वामी, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. आणि ही तर सुंभच वळणारी. तुम्ही हरलात म्हणून समजा."

पण मला ठाऊक होते, मित्रांनो. माझ्यावर तेव्हा नुसती फुले होती. फुलाचे फळ होऊन पिकायला जेवढे दिवस लागतात, तेवढेच जेमतेम त्या माळेचे दिवस होते.

त्यानंतरचे दिवस आठवले की माझे दाणे आजही कुरकुरतात. पाऊस थांबला. वृश्चिकाची भरती ही वर्षातली सगळ्यात मोठी, ती रोज थोडी आणखी वर येऊ लागली. पाणी दारातून येते असे तुम्हाला वाटत असेल. तसे नसते. ते आधी खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडत वर येते, मग न्हाणीच्या मोरीतून, आणि तुम्ही दाराकडे बघत असता तोवर पाय भिजलेले असतात. अम्मा पहाटे उठून आधी माझ्याजवळ यायची, मग घरात काय भिजले ते बघायची.

पाच-सहा फळे धरली होती. बोराएवढी झाली आणि एकाचे बूड काळे पडले. मग दुसऱ्याचे. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, पाण्यात खार चढला की असे होते, पाणी बदला. बदलायला गोडे पाणी कुठून आणायचे? पिंपात तळाला थोडे उरले होते, तेच प्यायचे, तेच शिजवायचे. बेटाच्या नळाला कधी पाणी यायचे, कधी नुसती फुसफुस. अम्माने पिंपातले पाणी मला घातले.

"आणि तू काय पिणार गं?" फिलोमिना ओरडली.

"पेज पिते की. पेजेत पाणीच असतं."

"पेजेला पाणी कुठून आणशील? थुंकीतून?"

"तू आणून दे."

दुसऱ्या दिवसापासून फिलोमिना तरीतून येताना बर्फाच्या खोक्याबरोबर पाण्याचा एक कॅनही आणू लागली. आणताना शिव्या देत यायची, पण आणायची. अम्मा त्यातले निम्मे माझ्यात ओतायची. तिचे ओठ फुटले होते. मी पाणी धरणारा खोका आहे, मित्रांनो, पण त्या दिवसांत मला वाटायचे, मी तिचेच पाणी शोषतो आहे. तिला ओरडून सांगावे की पुरे कर, आधी तू पी. पण मला तोंड कुठे आहे?

काळी पडलेली फळे तिने खुडून टाकली. एक कावळ्याने नेले. उरले एक. ते चिमणीच्या अंड्याहून थोडे मोठे झाले आणि हिरवेच राहिले. रोज संध्याकाळी ती माडाखाली दिवा लावायची आणि सदानंदनला म्हणायची, "एवढं एक पिकव. तुझ्यासाठीच करते आहे. मला इथून हलवू देऊ नकोस." एका संध्याकाळी माडाभोवतीची जमीन इतकी ओली होती, की समई कलंडून विझली. तिने ती पुन्हा लावली. पुन्हा विझली. मग ती दिवा हातात धरून वात संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

शेवटच्या आठवड्यात फळाला फिका पिवळा रंग आला, मग नारिंगी. प्रसेनन तोवर शबरीमलेच्या डोंगराकडे निघाला होता. दर्शन घेऊन तो सरळ इकडेच येणार होता. आमच्याकडे यात्रेहून परतल्यावर दिवा लावून त्या दिव्यापुढे आईच्याच हातून माळ उतरवतात.

तो यायच्या दिवशी सकाळी भरती आली ती थांबेचना. पाणी घरात शिरले, पायऱ्या गेल्या, चूल गेली. पालथी होडी बुडाली आणि मी तिच्या पाठीवरून अलगद उचलला गेलो. मी तरंगत होतो! पोटात गोडे पाणी, बाहेर खारे, मध्ये माझी दोन बोटांची भिंत. अम्माने मला माडाला सुंभाने बांधून ठेवले होते आणि दोर ढिला सोडला होता. बेटावरची बायकामाणसे होडी कधी आखूड बांधत नाहीत, भरतीला ढील लागते. दोर आखूड असता तर मी तिरका होऊन त्याच क्षणी भरलो असतो.

मी तरलो, पण कालव्यातून पर्यटकांची एक मोटरहोडी गेली आणि तिच्या लाटा कुंपणावरून आत आल्या. पहिल्या लाटेचे पाणी माझ्या फुटक्या कोपऱ्यातून आत शिरले. खारे पाणी मुळांना लागले तसे सगळे रोप शहारले. होडीतले लोक हात हलवत होते, फोटो काढत होते. "अरे, हळू! हळू घ्या, मेल्यांनो!" असे ओरडत अम्मा कमरेभर पाण्यातून आली आणि माझ्या फुटक्या कोपऱ्याला पाठ लावून उभी राहिली. पुढची लाट तिच्या पाठीवर फुटली. त्यापुढचीही. ती हलली नाही. फळाभोवती तिने दोन्ही हातांची ओंजळ केली होती.

प्रसेनन आला तो असा. डोक्यावरची यात्रेची गाठोडी एका हाताने धरून, पाणी कापत, "अम्मा, अम्मा" अशा हाका मारत. त्याने घराच्या दारातून आत बघितले, घरात नुसते पाणी होते. मग त्याने आम्हाला बघितले.

गाठोडी त्याने माडाच्या खिळ्याला अडकवली आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला. आई एकीकडे, मुलगा दुसरीकडे, मधे मी. लाटा येत राहिल्या आणि दोघांच्या अंगावर फुटत राहिल्या. हळूहळू पाणी थांबले.

अम्माने ओंजळ उघडली. फळ लाल झाले होते. बुडाशी एक काळा डाग होता, बाकी लालभडक.

"पिकलं," ती म्हणाली.

"हो." प्रसेननने मान खाली घातली. "तू जिंकलीस. माळेवर हात ठेवून बोललो होतो. मी आता कधी चल म्हणणार नाही."

"थांब. आधी माळ उतरवू. दिवा लावते."

ती वळली. घरात समईची जागा पाण्याखाली. ओसरी पाण्याखाली. माडाच्या पायाशी सदानंदनची जागा, जिथे इतकी वर्षे एकही सांज चुकली नव्हती, तीही पाण्याखाली. अम्मा एकेका दिशेकडे बघत होती. तिच्या स्वतःच्या आवारात तिला एक दिवा टेकवायला जागा सापडत नव्हती.

तिने दिव्याशिवायच, पाण्यात उभ्या उभ्या मुलाच्या गळ्यातली माळ काढली आणि माझ्या काठावर ठेवली. मग म्हणाली, "आता व्रत संपलं. आता रागव."

"कुणावर रागवू, अम्मा?" प्रसेननला हुंदका आला. "पाण्यावर?"

तिने फळ खुडले. नखाने काळा डाग काढून टाकला, फोडून अर्धे त्याला दिले, अर्धे स्वतः खाल्ले. खारे पाणी सोसलेले फळ जास्त गोड होते म्हणतात. प्रसेनन चावता चावता थांबला आणि आईकडे बघू लागला.

"गोड आहे," तो म्हणाला.

"गोड आहे," ती म्हणाली. "पण पोरा, हे आपल्या मातीचं नाही. पाणी आभाळाचं, नाहीतर फिलोमिनाच्या कॅनमधलं. खत बाटलीतलं. खोका बंदरावरचा. माझा म्हणून एक भुसा होता, तोही त्याच्यातली खाडी धुऊन काढली तेव्हा कुठे उपयोगी पडला. या आवारात पिकलं, हे खरं. आवारानं पिकवलं नाही."

"पण पैज..."

"पैज तू हरलास. तू म्हणू नकोस. मी म्हणते." तिने माडाच्या खोडाला हात लावला आणि तो तसाच ठेवला. "ने मला इथून."

"आणि तू म्हणत होतीस ते? दक्षिणेचं आवार?"

"मेल्यावरचं मेल्यावर बघू. आधी जिवंत बाईला दिवा टेकवायला कोरडी जागा दाखव."

ओहोटी लागल्यावर त्यांनी सामान भाड्याच्या होडीत घातले. समई, दोन पातेली, सदानंदनचा फोटो. टोमॅटोच्या बिया अम्माने पदराच्या टोकाला बांधल्या. सगळे झाल्यावर ती पुन्हा माझ्याकडे आली. तिच्या खांद्यावर सुंभाचे मोठे वेटोळे होते. तिने स्वतः वळलेला सगळ्यात लांब दोर. माझा जुना दोर सोडून तिने मला त्या नव्याने बांधले आणि त्याचे दुसरे टोक, प्रसेननच्या खांद्याचा आधार घेत खाली वाकून, माडाच्या बुंध्याला बांधले. दोर खाली पडून त्याची वेटोळीच्या वेटोळी झाली.

"एवढा लांब कशाला, अम्मा?" प्रसेनन म्हणाला. "पाणी कमरेपर्यंतच येतं."

"आज येतं," ती म्हणाली.

मग ती गेली. तिची होडी दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो, जशी ती चेल्लम्मांची होडी बघत होती.

रोप दोन दिवसांत वाळले. फिलोमिना अजून या बाजूने कधीतरी येते, पाटी टेकवते आणि कुणीच नसताना माडाला सांगून जाते, "चेची बरी आहे, तिथल्या गॅलरीत चार खोके लावलेत, मला रोज फोनवर शिव्या देते." ते ऐकून मला बरे वाटते, आणि नंतर फार वाईट वाटते. माडावर आता तुराही नाही, नुसता सोट उभा आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, जपून वापरा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. खोके पुष्कळ मिळतात. मी फुटलो तर माझ्यासारखा दुसरा येईल, त्यालाही टोमॅटो लागतील, कदाचित माझ्यापेक्षा मोठे. तुमच्या दाराशी जी माती आहे, ती कोरडी आहे, गोडी आहे आणि तिच्यावर दिवा टेकतो, तोवर तिला जपा. माझ्यात फळ पिकते. माझ्यात कुणाचे घर राहत नाही.

आणि एक विनंती. दर वृश्चिकात पाणी येते, मी उचलला जातो, आणि दोराची वेटोळी एकेक करून सुटत जातात. मी पहिल्यापेक्षा वर तरंगतो, एवढे मला कळते. पण दोर आणखी किती उरला आहे, हे मला मागे वळून बघता येत नाही. कधी इकडे आलात, तर तेवढे बघून मला सांगा.